शिशाचा आरसा आणि इथेनचे विघटन

इथेन हा दोन कार्बन अणूंचा वायू सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यापासून मुख्यतः एथिलीन आणि हायड्रोजन मिळतात, आणि या औष्णिक विघटनाचा उपयोग अमेरिकेतील युनियन कार्बाइडने १९२० च्या सुमारास, त्याची कारणमीमांसा स्पष्ट होण्यापूर्वीच, एथिलीन बनवण्यासाठी सुरू केला होता. विघटनाचा वेग इथेनच्या संहतीच्या सम प्रमाणात, म्हणजे प्रथम कोटीचा, आढळत असल्याने प्रत्येक रेणू आपापला, एकाच टप्प्यात फुटतो, असे मानले जाई.

या समजुतीला धक्का देणारा प्रयोग १९२९ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ पानेट आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी केला. एका नळीतून अत्यल्प दाबाच्या हायड्रोजनबरोबर टेट्रामिथिल लेडची वाफ सोडून नळी एका जागी तापवली, तेव्हा तेथे शिशाचा चकचकीत थर, म्हणजे आरसा, जमला. मग प्रवाहाच्या उगमाकडील भाग तापवताच तेथे नवा आरसा उमटला आणि आधीचा, आता थंड असलेला आरसा विरून गेला. तापलेल्या जागी सुटलेले मिथिल मूलक, म्हणजे एक बंध मोकळा राहिलेले अणुगट, वाहत जाऊन शिसे पुन्हा उचलत होते. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या काही हजारांश भागांचे होते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फ्रान्सिस राइस यांनी हीच आरशांची कसोटी इतर सेंद्रिय वाफांना लावली आणि १९३४ मध्ये कार्ल हर्झफेल्ड यांच्यासह साखळी अभिक्रियेची उपपत्ती मांडली. तीनुसार मोजकेच इथेन रेणू दोन मिथिल मूलकांत तुटतात, मिथिल दुसऱ्या रेणूतून हायड्रोजन ओढून इथिल मूलक निर्माण करते, इथिलपासून एथिलीन आणि हायड्रोजन अणू सुटतात, आणि तो अणू पुढच्या इथेनवर तुटून पडल्याने नवे इथिल तयार होऊन चक्र चालू राहते. कार्बन-कार्बन बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा एकूण अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा, म्हणजे वेग तापमानानुसार किती वाढतो यावरून काढलेली ऊर्जा, बरीच कमी का भरते, याचा उलगडा त्यामुळे झाला.

प्रथम कोटी साधण्यासाठी मात्र हायड्रोजन अणू आणि इथिल एकत्र येऊन साखळी संपते, असे त्यांनी गृहीत धरले होते. ही पायरी पुढे टिकली नाही. प्रत्यक्षात मुख्यतः दोन इथिल मूलकांच्या भेटीत साखळी तुटते आणि पहिल्या टप्प्याचा वेग दाबावरही अवलंबून असल्यामुळे कोटी एकच्या जवळ राहते, असे नंतरच्या संशोधनातून दिसले.