हरवलेली थैली आणि विनयाचा नियम

परक्याची हरवलेली वस्तू परत करण्याची वृत्ती सर्व समाजांत सारखी नसते, असे दाखविणारे संशोधन २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे 'रस्त्यात सापडली' असे सांगून बँका, हॉटेले इत्यादी ठिकाणी सुपूर्द केली गेली. ई-मेलने मालकास किती जण कळवितात, हे मोजले गेले. स्वित्झर्लंड, नॉर्वे अग्रस्थानी राहिले, चीन तळाशी. मात्र चीनमध्येच पुन्हा केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ई-मेल न धाडताही बहुतेकांनी पाकीट जपून ठेवल्याचे आढळले. तेव्हा अशा क्रमवारीवरून एखाद्या समाजाचे शील ठरविणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते.

शिवाय येथे परीक्षा झाली ती सापडविणाऱ्याची. मालकाच्या सचोटीचे काय?

विनयपिटकातील ८४ व्या पाचित्तिय नियमाची निदानकथा नेमकी येथूनच सुरू होते. अचिरवती नदीवर स्नानास आलेला एक ब्राह्मण पाचशे नाण्यांची थैली विसरून गेला. ती नष्ट होऊ नये म्हणून एका भिक्खूने उचलून ठेवली व तो धावत परतताच त्याच्या स्वाधीन केली. सापडविणाऱ्यास बक्षीस देण्याची तेव्हा रीत असावी. ते टाळण्यासाठी ब्राह्मणाने थैलीत हजार नाणी होती असा कांगावा करून भिक्खूस अडवून धरले, मग सोडले. यावरून, मौल्यवान वस्तू उचलूच नये, असा नियम झाला.

पण नियम अपुरा पडला. विशाखेची दासी विहारात अलंकारांचे गाठोडे विसरली. काशी जनपदात अनाथपिंडिकाच्या कामगारांच्या गावी तर एकाची अंगठी मागे राहिली आणि ती उचलता येत नसल्याने भिक्खू तो परतेपर्यंत राखण करीत बसून राहिले! म्हणून विहारात वा निवासस्थानी सापडलेली वस्तू उचलून ठेवलीच पाहिजे, अशी दुरुस्ती झाली.

त्यापुढील कार्यपद्धती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती दोन्ही पक्षांस बांधते. वस्तूचे रूप व खूण ध्यानात घ्यावी, ज्याची हरवली असेल त्याने यावे असे जाहीर करावे. येणाऱ्यास ती कशी होती हे विचारावे; वर्णन जुळले तर द्यावी, न जुळले तर अन्यत्र शोधावयास सांगावे. तो आवास सोडून जाण्याची वेळ आली, तर वस्तू तेथील योग्य भिक्खूंच्या हाती सोपवावी. तसे भिक्खू नसल्यास योग्य गृहस्थांच्या.