पोलिसाला रंग कोणता?

पहिली-दुसरीच्या वर्गात 'आपले मदतनीस' हा विषय निघाला की डॉक्टर, पोस्टमन, सफाई कामगार यांच्या पंगतीत पोलीसही येतो. आजकाल त्याचे चित्र इंटरनेटवरून उतरवून घेतात, पट असेल तेवढ्या प्रती काढतात आणि मुलांना रंगवायला देतात. हे चित्र जरा निरखून पाहा. छातीवर बहुधा चांदणीसारखा बिल्ला, डोक्यावर चपट्या माथ्याची टोपी, चेहऱ्यावर हसू. हा काही आपल्या नाक्यावरचा हवालदार नव्हे. मग हा कुठला? आणि त्याच्या अंगावर नुसत्या रेषाच का? या दोन्ही प्रश्नांचा माग काढताना शिकागो शहराशी गाठ पडते.

रंगवायची पुस्तके तशी जुनी. लंडनच्या कॅसेल प्रकाशनसंस्थेने १८७९ च्या सुमारास केट ग्रीनअवे यांच्या रेखाचित्रांचे असे पुस्तक काढले होते. १९०३ मध्ये अमेरिकेत बिनी अँड स्मिथ कंपनीने आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटला बाजारात आणली आणि रंग शाळेच्या आवाक्यात आले. पण पुस्तक विकतच घ्यावे लागे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक पान द्यायचे, तर प्रती शाळेतच निघायला हव्यात.

ती सोय शिकागोच्या ए. बी. डिक यांनी केली. एडिसनच्या पेटंटचा आधार घेऊन त्यांनी १८८७ मध्ये मिमिओग्राफ हे यंत्र विकायला सुरुवात केली. आपण याच्या भावंडाला सायक्लोस्टाईल म्हणून ओळखतो. मेणाचा थर दिलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने ओरखडले की तेवढ्या जागचे मेण सरते आणि तिथून शाई झिरपून खालच्या कागदावर उतरते. या यंत्राला छटा ठाऊक नाहीत. मेण आहे किंवा नाही, एवढेच त्याला कळते. मोठा भाग काळा करू गेल्यास स्टेन्सिल फाटते. म्हणजे शिक्षकाने चित्र काढावे ते रेषांचेच.

पुढे झेरॉक्स आले. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये या तत्त्वाने पहिली प्रत काढली आणि १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आले. गंमत अशी की त्यालाही रेषाच मानवत. काळाभोर चौकोन ठेवला, तर प्रतीत त्याच्या कडा ठळक येत आणि मधला भाग फिकट, पोकळ दिसे. यात पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. शाईची पूड स्थिर विद्युतभाराकडे ओढली जाते. जिथे भारित भाग एकाएकी संपतो, तिथे, म्हणजे कडेपाशी, पृष्ठभागाबाहेरचे विद्युतक्षेत्र जोरदार असते. मोठ्या एकसंध भागाच्या मध्यावर ते दुबळे असते, त्यामुळे पूड तिकडे फिरकत नाही. नंतर ही अडचण दूर झाली. आजचा लेसर प्रिंटर सलग काळा भागही बिनतक्रार छापतो, पण पान मात्र बाह्यरेषेचेच राहिले. 'रेषेच्या बाहेर जाऊ नकोस' या आपल्या लाडक्या सूचनेत शिक्षणशास्त्राइतकाच या यंत्रांचाही वाटा असावा, असे मला वाटते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी तर १९४७ च्या आपल्या ग्रंथात अशा तयार चित्रांना कडाडून विरोध केला होता.

आता त्या हसऱ्या पोलिसाकडे वळू. १९६६ मध्ये शिकागोच्या पोलीस खात्याने आणि शिक्षण मंडळाने 'ऑफिसर फ्रेंडली' हा उपक्रम सुरू केला. त्याला सिअर्स-रोबक फाउंडेशनचे साहाय्य होते. पोलीस वर्गात येई, मुलांशी गप्पा मारी. सोबत रंगवायची पुस्तकेही असत. पोलिसांची भीती जावी, हा हेतू. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, याच शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले असताना आकाशी शिरस्त्राणे घातलेल्या पोलिसांनी निदर्शकांना बेदम मारले आणि साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. चौकशी अहवालाने त्याला पोलिसांनीच केलेली दंगल म्हटले. कागदावरचे हसू मात्र कायम राहिले. उपक्रम इतर शहरांतही पसरला.

या पोलिसाचा निळा रंग आला लंडनहून. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी तिथे पोलीस दल उभारले, तेव्हा रस्त्यावर लष्कर आणले जाणार अशी लोकांना धास्ती होती. सैनिकांचा डगला लाल, म्हणून पोलिसांना मुद्दाम निळा दिला. न्यूयॉर्कने १८५३ मध्ये निळाच स्वीकारला. आपल्या खाकीची गोष्ट याच्या नेमकी उलटी. फारसी 'खाक' म्हणजे धूळ. १८४७ च्या सुमारास पेशावरकडे हॅरी लम्सडेन यांनी आपल्या 'गाइड्स' पलटणीला हा रंग दिला, तो धुळीच्या मुलखात सैनिक उठून दिसू नये म्हणून. पुढे तो देशातल्या बहुतेक पोलिसांच्या अंगावर चढला. म्हणजे तिकडचा पोलीस लष्करापासून वेगळा दिसावा म्हणून निळा, तर आपला लष्कराच्याच रंगात. अर्थात अपवाद आहेत. कोलकात्याचा पोलीस पांढऱ्या पोशाखात असतो. मुंबईचा हवालदार एके काळी निळ्या गणवेशात आणि पिवळ्या टोपीत दिसे.

आणि चेहरा? अमेरिकी मेणखडूंच्या पेटीत फिकट गुलाबी रंगाला 'फ्लेश', म्हणजे त्वचेचा रंग, असे नाव होते. १९६२ मध्ये ते बदलून 'पीच' केले गेले. आपली मुले अजूनही तशाच खडूला 'स्किन कलर' म्हणतात आणि पोलिसाचे तोंड त्यानेच रंगवतात.

पुढच्या वेळी प्रत वाटण्याआधी मुलांना चौकातला पोलीस पाहून यायला सांगावे. टोपी कशी, पट्टा कुठे, पोलीस बाई आहे की पुरुष, चेहरा हसरा की उन्हाने त्रासलेला. खाकीचा खडू छोट्या पेटीत सहसा सापडत नाही. पिवळ्यात थोडा तपकिरी आणि किंचित हिरवा मिसळला की तो जवळपास जमतो.