महाराज बदनामी खटला : लोकापवाद आणि साक्ष

गतकालीन समाजातील अनाचाराच्या कथा इतिहासकाराने कितपत विश्वसनीय मानाव्या, हा प्रश्न नेहमीच अवघड असतो. अशा कथा बहुधा कर्णोपकर्णी चालत आलेल्या असतात आणि त्यांची शहानिशा करण्याचे साधन उपलब्ध नसते. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात १८६२ साली चाललेला महाराज बदनामी खटला हा या बाबतीत महत्त्वाचा अपवाद होय. येथे लोकापवादाला शपथेची कसोटी लागली.

वल्लभ संप्रदायाच्या आचार्यांना 'महाराज' म्हणत. मुंबईतील भाटिया व वाणी व्यापारी त्यांचे अनुयायी होते. तन, मन व धन गुरूस अर्पण करावे, या वचनाचा विपरीत अर्थ लावून महाराज भक्तांच्या स्त्रियांशी अनाचार करतात, असा आरोप करसनदास मुळजी यांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात केला. करसनदास स्वतः वैष्णव घराण्यातीलच होते. लेखात जदुनाथजी महाराजांचा नामनिर्देश होता. १८६१ मध्ये जदुनाथजींनी करसनदास आणि मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांच्यावर ५०,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला.

आरोपातील गोष्टी मुंबईकरांना सर्वस्वी अपरिचित होत्या असे नाही. त्या उघडपणे बोलणे मात्र निषिद्ध होते. महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्यास वाळीत टाकावे, असे भाटिया पुढाऱ्यांनी ठरविले. करसनदासांनी याविरुद्ध फिर्याद केली आणि कट केल्याबद्दल त्या पुढाऱ्यांना दंड झाला. बहिष्कार म्हणजे त्या काळी विवाहसंबंध, पंक्तिव्यवहार आणि व्यापारातील पत या सर्वांवर एकाच वेळी येणारे संकट होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढील साक्षींचे मोल कळत नाही.

२५ जानेवारी १८६२ रोजी सुनावणी सुरू झाली. मथुरादास लवजी व लक्ष्मीदास खिमजी या भाटिया गृहस्थांनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. जदुनाथजींनी आपणास गुह्यरोग झाल्याचे शपथेवर नाकारले होते, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांच्या साक्षींनी ते खोटे ठरले. २२ एप्रिलच्या निकालात सर मॅथ्यू सॉसे व सर जोसेफ आर्नोल्ड या न्यायमूर्तींनी आरोपांची सत्यता मान्य केली. एका तांत्रिक मुद्द्यावर वादीस केवळ ५ रुपये मिळाले. उलट प्रतिवादीस ११,५०० रुपये खर्चादाखल देवविण्यात आले.

हा केवळ सुधारकांचा विजय मानणे अपुरे ठरेल. जातीच्या आज्ञेपेक्षा न्यायालयातील शपथ मोठी, हे तत्त्व येथे काही व्यक्तींनी स्वतःच्या जोखमीवर आचरणात आणले, हे या खटल्याचे खरे महत्त्व होय. तथापि त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. व्यापारी, वैद्य, पंडित व न्यायाधीश या सर्वांची मते कागदोपत्री उतरली. ज्या स्त्रियांच्या अब्रूविषयी एवढा वाद झाला, त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र त्यांत ऐकू येत नाही. त्यांच्यावर बळजबरी झाली, श्रद्धेचा प्रभाव पडला की घरच्या पुरुषांनीच त्यांना तेथे पाठविले, याचे उत्तर पुरुषांच्या जबानीवरूनच अनुमानावे लागते. न्यायालयाने मौन मोडले खरे. परंतु ते अर्धेच मोडले. या साधनाचा उपयोग करणाऱ्याने ही उणीव सतत डोळ्यांपुढे ठेविली पाहिजे.