चित्राचा झगा झाला तेव्हा

१९६१ साली लंडनच्या ब्रिजेट रायलीने ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र काढलं. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. सगळ्यांची उंची सारखी, रुंदी मात्र उजवीकडे सरकताना कमी होत जाते. मध्याच्या जरा पुढे चौकोनांच्या बारीक पट्ट्या होतात आणि मग ते पुन्हा रुंदावतात. बस, एवढंच. पण सपाट फळी तिथे आत दुमडल्यासारखी दिसते. मोबाइलवर बोटांनी मोठं करून पाहिलंत तर ही घडी गायब होते, नुसते चौकोन उरतात. मूळ चित्र सुमारे सव्वाशे सेंटिमीटरचं आहे, समोर उभं राहून पाहायचं.

ही करामत तिला गणिताने नाही, बघण्याने सापडली. १९५९मध्ये तिने जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्राची नक्कल केली होती. सरा रंगांचे ठिपके शेजारी-शेजारी ठेवायचा आणि ते मिसळायचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडायचा. रायलीने पुढे रंगच काढून टाकले, डोळ्यांचं काम मात्र तसंच ठेवलं.

फेब्रुवारी १९६५मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन सुरू झालं. त्यात अल्बर्स, वासारेली असे बुजुर्ग होते, पण कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर होतं ३३ वर्षांच्या रायलीचं ‘करंट’. लोकांनी गर्दी केली, बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. आणि दुकानांच्या काचांमागे तिच्या चित्रांसारखे झगे लटकू लागले. लॅरी ऑल्ड्रिच या कपडे-उत्पादकाने तर तिचं चित्र विकत घेऊन त्यावरून कापडच छापून घेतलं होतं. तिने वकील गाठला, पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात तिला संरक्षण मिळेना.

चोरी तर झालीच, पण मला वाटतं, चोरांच्या हाती काही लागलंही नाही. अंगावरच्या कापडाला स्वतःच्याच घड्या पडतात. रायलीच्या घडीला पूर्ण सपाट पृष्ठभाग लागतो, नाहीतर ती दिसणार कुठे? झग्यावर उरली ती नुसती नक्षी.

आता निदान वीस वर्षं तरी आपली चित्रं कुणी गांभीर्याने बघणार नाही, असं रायली वैतागून म्हणाली. १९६७पासून ती रंगांकडे वळली. १९६८मध्ये व्हेनिस बिएनालेत चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री.