ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात



गावी सासूबाई विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. मग फडके उलटे धरून त्यावर गाळलेले पाणी ओतत आणि अडकलेले सूक्ष्म जीव त्याच विहिरीत अलगद सोडत. शेजारची विहीर जवळ असली तरी तिथे नाही. "ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात," म्हणायच्या. मी तेव्हा ती नुसती रीत समजत होते.

भोसरीहून मोशीला गेले की इंद्रायणीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांसाठी लोकांनी ती देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि पुढे नद्या-कालवे इतके भरले की होड्या अडकल्या, भातशेती बुडाली. शेवटी १९३६ साली तिथे जलपर्णीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

अनुकूल हवेत ही साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. कमळपक्षी तिच्या पानांवर चालू शकतो, पण बुडी मारून मासे धरणाऱ्या टिबुकलीला आणि पाणकावळ्याला मोकळे पाणी लागते. महापालिका दरवर्षी जलपर्णी काढते, ती पुन्हा येते, कारण आपल्याच घरांचे सांडपाणी तिचे खत आहे.

आता माझी चूक सांगते. नातवाच्या काचेच्या टाकीतला सकर मासा फार वाढला. जीवदया म्हणून मी तो भोसरीच्या तलावात सोडला, हात जोडले आणि समाधानाने घरी आले. नंतर कळले, हाही दक्षिण अमेरिकेचाच. अंगावर कठीण कवच, त्यामुळे त्याला खाणारे थोडे. तो काठ पोखरतो, इथल्या माशांचे अन्न संपवतो. शिवाय टाकीतल्या पाण्याबरोबर रोगजंतूही तलावात जातात. एका जिवाला अभय देताना मी किती जिवांचे अन्न काढून घेतले, याचा हिशेब वाणिज्य शाखेची पदवी असूनही मांडता येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. कुंडीतली जलपर्णी नदीत टाकू नका, उन्हात पूर्ण वाळवा. आमच्या घरी आता टाकी नाही. प्रतिक्रमणाला बसले की मात्र तो मासा आठवतो, आणि सासूबाईंचे उलटे धरलेले फडकेही.

मिच्छामि दुक्कडम्.