देशमुख, गणपतराव
(१० ऑगस्ट १९२६–३० जुलै २०२१). महाराष्ट्रातील शेतकरी कामगार पक्षाचे नेते व विधानसभेवर अकरा वेळा निवडून आलेले सदस्य. जन्म सोलापूर जिल्ह्यातील पेनूर (ता. मोहोळ) येथे. त्याच जिल्ह्यातील अवर्षणप्रवण सांगोला मतदारसंघातून ते १९६२ मध्ये प्रथम विजयी झाले. १९७२ मध्ये त्यांचा पराभव झाला. परंतु १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. १९९५ मधील दुसऱ्या पराभवानंतर १९९९ ते २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७८ व १९९९ मध्ये स्थापन झालेल्या मंत्रिमंडळांत ते मंत्री होते. एरवी त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. दुष्काळी भागास कृष्णेचे पाणी मिळावे, यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत त्यांनी आटपाडी येथे पाणी परिषदा भरविल्या व टेंभू उपसा सिंचन योजनेचा पाठपुरावा केला. सांगोल्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभारली. पक्षाचा राज्यातील प्रभाव ओसरत गेला, तरी त्यांनी पक्षांतर केले नाही. वार्धक्यामुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही आणि ती जागा पक्षाने थोडक्या मतांनी गमावली. २०२४ मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब यांनी ती परत मिळविली.