तुंबडी आणि गृध्रसी

हुपरी हें गांव चांदीच्या पैंजणांसाठीं प्रसिद्ध आहे. तार ओढणें, कड्या जोडणें, घुंगुर बसविणें हें काम पाठ वांकवून दिवसचे दिवस चालतें. तेव्हां कंबरेंतून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाणारी कळ तेथें अपरिचित नसावी. अशा कळेवर तुंबडीचा उपाय अलीकडे पुन्हां सुचविला जातो. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या खांद्यावरील वाटोळे डाग जगानें पाहिले, आणि आमच्या वैदूंच्या झोळींतील ही वस्तु एकाएकीं प्रतिष्ठित झाली!

तिचें कूळ मात्र फार जुनें. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायांत वातदूषित रक्तास शिंग, पित्तदूषितास जळू व कफदूषितास भोपळा अशीं साधनें सांगितलीं आहेत. शिंगांतील हवा तोंडानें ओढावयाची, भोपळ्यांत दिवा ठेवावयाचा. परंतु मौज अशी कीं, प्रस्तुत कळेस, म्हणजे गृध्रसीस, शारीरस्थानांत तो गुडघ्याच्या चार अंगुळें वर किंवा खालीं शिरावेध सांगतो. पाठीवर शिंग नव्हे. त्याचें रोगलक्षण तर विलक्षण मार्मिक आहे: पाय उचलण्याची क्रिया अडते, ती गृध्रसी. आजचा डॉक्टरहि रोग्यास उताणें निजवून त्याचा पाय सरळ वर उचलूनच पाहतो.

कारण उमगण्यास मात्र फार काळ लागला. नेपल्सच्या कोतुन्योनें १७६४ सालीं ही कळ मज्जातंतूची असल्याचें प्रतिपादिलें. १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं मणक्यांमधील चकती सरकून तंतूचें मूळ दाबलें जातें, हें दाखविलें. तें मूळ हाडांच्या आंत खोल असतें. तुंबडीची ओढ तेथवर पोंचत नाहीं. मग गुण येतो कसा? स्नायु सैल पडून कळ तात्पुरती निवत असेल, हें आम्हांस मान्य आहे. शिवाय चकतीचीं बहुतेक दुखणीं कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतात, आणि श्रेय शेवटीं पाठीवर असलेल्या हातास मिळतें.

कोरड्या तुंबडीस आमचा मोठासा आक्षेप नाहीं. फासण्या टाकून रक्त काढणारीची गोष्ट वेगळी. पातें अस्वच्छ असल्यास एकाच्या रक्तांतील कावीळ दुसऱ्यास जडूं शकते. त्याहून मोठा धोका विलंबाचा. पायाचा पंजा उचलेनासा झाला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर कारागिरानें हातांतलें पैंजण खालीं ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. हुपरीहून कोल्हापूर कांहीं फार दूर नाहीं.